पहिली ओळ

तार्तूमध्ये जानेवारीच्या रात्री
प्रयोगशाळेची शीतखोली म्हणजे ऊबच:
आत चार अंश, बाहेर उणे एकोणीस.
हेल्वे हसत नाही. हा विनोद ती तीस वर्षं ऐकतेय.
हातमोजे चढवते, आणि साखरेच्या द्रावणाच्या नळ्या
अशा उचलते, जशी झोपलेली मांजराची पिल्लं.

सेंट्रिफ्यूज पहाटेपर्यंत गरगरेल.
मग जिवाणूंचे रायबोसोम थर धरतील,
धाकटा भाग वर, थोरला त्याखाली,
आणि अगदी खोल, जोडून बसलेली जोडी.
मॅग्नेशियम जरा कमी पडलं की जोडी फुटते.
"माणसांचंही तसंच," हेल्वे म्हणते,
"फक्त काय कमी पडलं ते कळत नाही."

मादली नवी आहे. विचारते,
सुरुवात नेमकी कुठून?

हेल्वे वहीच्या मागच्या पानावर निरोप काढते,
चारच अक्षरांचा, लांबलचक,
मध्ये कुठे मोकळी जागा नाही.
कुठूनही वाचलं तर काहीही निघेल.
म्हणून धाकटा आधी एक खूण चाचपतो:
अ ग ग अ ग ग.
माझ्या मराठी कानाला वाटतं
कुणीतरी कळवळून म्हणालं, अगगं.
त्याच्या शेपटाशी या अक्षरांची जोडीदार अक्षरं असतात,
ती इथे बसतात, काजात बटण बसावं तशी.
मग पाच-सात घरं पुढे:
अ उ ग.
इथून.

थोरल्याला इतक्यात आत घ्यायचं नाही,
म्हणून एक प्रथिन वाटेत आडवं.
शेजारची जागा दुसऱ्यानं रुमाल टाकून धरलेली.
आणि हाताला धरून आणलेला पहिला पाहुणा,
मेथिओनिन, डोक्यावर फॉर्मिलचं टोपडं.
नेहमी हाच. प्रथिन विष होणार असो की विरजण,
श्रीगणेशा याच्याच हातून.
थोरला येऊन बसतो, जीटीपीची एक कडी तुटते,
तेवढाच खर्च.
मध्यस्थ निघून जातात, न जेवता.

आणि मागे निरोप अजून लिहूनच चाललेला असतो.
जिवाणूला धीर कुठला?
शाई वाळायच्या आत वाचन सुरू.

"मग ते टोपडं?"
"काढतात. पुष्कळदा मेथिओनिनही कापून टाकतात.
प्रथिन कामाला लागतं तेव्हा
त्याची सुरुवात त्याच्यात उरलेली नसते."

खिडकीबाहेर एमायोगी गोठलेली.
या नावाचा अर्थ आईनदी, मादलीनं मला सांगितलं होतं.
हेल्वे पेन्सिलीला टोक काढते, गरज नसताना.

"आई सैबेरियातून लिहायची.
प्रत्येक पत्राची पहिली ओळ एकच:
आम्ही सगळे ठीक आहोत, इथे काही कमी नाही.
त्याशिवाय पत्र तिथून हलायचंच नाही.
मावशी ती ओळ अंगठ्यानं झाकायची
आणि खालून मोठ्यानं वाचायची.
बटाटे गोठले. लेम्बितचा खोकला थांबत नाही.
लोकरीचा मोजा मिळाला, एक."

आम्ही काही बोललो नाही.
मला सांगायचं होतं, आपल्याही प्रत्येक पेशीत,
मायटोकॉन्ड्रियाच्या आत,
कुणीतरी अजून तेच टोपडं घालून सुरुवात करतं,
जिवाणूंशी असलेलं जुनं नातं.
पण ते तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

तिची बस पावणेसहाची.
जाताना तिनं मादलीला नोंदवही दिली.
जाड, कोपरे झिजलेली.
प्रत्येक पानावर वर तारीख, खाली पहिली ओळ:
यंत्र ठीक.
आणि त्याखाली बारीक अक्षरात:
रोटरला चीर. वीज गेली, नमुने वाया.
झाकण बसत नाही, दोरीनं बांधलं.

मादलीनं आजची तारीख घातली.
लिहिलं, यंत्र ठीक.
मग कान लावून बराच वेळ उभी राहिली,
आणि पुढच्या ओळीत लिहिलं:
डावीकडून टक् टक् येतंय.